नापास करण्यापूर्वी वाचायला शिकवा

पाचवीच्या वर्गात बसलेल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येत नसेल तर दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्याने २०२३ साली एका परीने देऊन टाकले. शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांत त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला जादा मार्गदर्शन व पुरवणी परीक्षा मिळते. तीतही तो उतरला नाही, तर त्याच वर्गात राहणे त्याच्या नशिबी येते. परीक्षेला आमचा विरोध नाही. परंतु ज्याची अक्षरओळखच पक्की नाही, त्याला हे जादा मार्गदर्शन नेमके कोणते, हे ठरविल्याखेरीज त्याला नापास करण्याचा नैतिक अधिकार शासनाला पोचतो काय?

प्रश्न लहान नव्हे. घरोघर जाऊन मुलांकडून साधा उतारा वाचून घेणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे एकोणपन्नास मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आकडा देशाचा आहे; पण कन्नड तालुक्यातील पिशोर घ्या, की मराठवाड्यातले दुसरे कोणतेही मोठे गाव घ्या, तेथील शिक्षकाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. गोष्ट घडाघडा वाचणारी मुलगी आणि जोडाक्षरापाशी अडणारा मुलगा एकाच बाकावर बसतात. पुस्तक मात्र दोघांना एकच, आणि शिक्षकाला पाठ पुरा करण्याची घाई!

मग अशा मुलांना काही आठवडे नेटाने वाचायला शिकविल्याने खरोखर फरक पडतो काय? आपल्याकडे शैक्षणिक योजनांची परीक्षा बहुधा उद्घाटनाच्या भाषणांवरून होते. सुदैवाने या बाबतीत त्याहून बळकट पुरावा उपलब्ध आहे आणि त्याचा उगम महाराष्ट्रातच आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर नेऊन रोज सुमारे दोन तास शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे हा उपक्रम तपासला. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यावी, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते. त्यामुळे ‘मुळातच शाळा चांगली होती’ ही पळवाट उरली नाही. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मुलांचे गुण वाढले, गणितात अधिक व भाषेत कमी. आणि सर्वांत मोठा लाभ सर्वांत मागे असलेल्यांना झाला. मात्र उपक्रम सुटून वर्ष लोटल्यावर मिळविलेली आघाडी बरीचशी ओसरली. समूळ गेली नाही, एवढेच समाधान.

पुढे उत्तर प्रदेशात २०१३-१४ साली याच पद्धतीची शिबिरे झाली. तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार एकत्र बसविली आणि दहा किंवा वीस दिवसांच्या टप्प्यांनी, वर्षभरात सुमारे पन्नास दिवस शिकविली. वर्षअखेर परिच्छेद वा गोष्ट वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण शिबिर नसलेल्या शाळांच्या जवळपास दुप्पट निघाले. याउलट बिहार व उत्तराखंडात नुसते साहित्य पाठविले वा शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सोडले, तेथे फारसे काही हाती लागले नाही. हरियाणात सरकारी शिक्षकांनीच हे काम केले, पण त्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र तास राखला गेला व देखरेख झाली, तेव्हा भाषेत सुधारणा दिसली. तात्पर्य उघड आहे: पेट्या भरून पुस्तके धाडल्याने मूल वाचू लागत नाही, राखलेला वेळ आणि पातळीनुसार अध्यापन, यांनीच ते वाचू लागते.

एका धोक्याकडेही डोळेझाक होऊ नये. शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे तीन वर्षे मुलांचा मागोवा घेतला. २०१७ च्या त्यांच्या अहवालात अक्षरे गिरविणे व फळ्यावरचे उतरवून घेणे यांतच बुडालेले वर्ग दिसतात. अर्थाकडे, बोलण्याकडे, गोष्टीकडे वळायला तेथे सवड नव्हती. तेव्हा जादा तास म्हणजे बाराखडीचा जादा घोष, असे झाले तर पदरी निराशाच येईल.

आमची मागणी मोठी नाही. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत तिसरीपासून रोज एक तास वाचनासाठी राखावा. त्या तासापुरत्या इयत्तांच्या भिंती बाजूला साराव्यात. आणि त्या तासाच्या शिक्षकाला माहिती भरण्याच्या कामाला जुंपू नये. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. म्हणून पहिली शिबिरे त्यापूर्वीच, जून ते सप्टेंबरात व्हावीत. मुलांचे वाचन शाळेबाहेरच्या माणसाने तपासावे आणि वर्ष उलटल्यावर पुन्हा तपासावे, कारण ओसरणारे यश हे यश नव्हे. हा खर्च एक वर्ष फुकट घालविलेल्या मुलाच्या किमतीपेक्षा खचित कमी आहे.

आमच्या सुशिक्षित वाचकांची मुले बहुधा या शाळांत नाहीत. म्हणूनच या प्रश्नावर आवाज उठत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. उपाय ठाऊक नव्हता, अशी सबब आता शासनाला सांगता येणार नाही. आणि आपल्यालाही नाही.