संघ कोणाचा?

मधल्या सुटीत क्रीडांगणावर चेंडू उडू लागला की आम्हां विद्यार्थ्यांत तत्काळ दोन तट पडतात. ‘काल आमचा संघ जिंकला!’ असे जो तो अभिमानाने सांगतो. पण ज्या संघाला आपण ‘आमचा’ म्हणतो, तो खरोखर आमचा असतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको.

फुटबॉलच्या इतिहासात हैदराबादचे नाव मानाचे आहे. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेल्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. अशा नगरीस २०१९ साली इंडियन सुपर लीगमध्ये ‘हैदराबाद एफसी’ हा संघ लाभला, तेव्हा क्रीडारसिकांस आनंद झाला. परंतु एकाच्या घरी सनई वाजत असता दुसऱ्याचे घर ओस पडले होते. २०१४ पासून पुण्यास बालेवाडीच्या मैदानावर खेळणारा ‘एफसी पुणे सिटी’ आर्थिक अडचणींमुळे बंद पडला, आणि लीगमधील त्याचीच जागा हैदराबादच्या वाट्यास आली.

पुढे २० मार्च २०२२ रोजी मडगावजवळील फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सशी अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटला. पेनल्टीच्या वेळी गोमंतकीय गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन फटके अडविले आणि हैदराबाद विजेते ठरले. पण वैभव टिकले नाही. दोन वर्षांच्या आतच खेळाडूंचे वेतन थकले व अनेक खेळाडू संघ सोडून गेले. २०२४ साली मालक बदलले आणि २०२५ साली तोच संघ ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ हे नाव धारण करून राजधानीस गेला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात ते हेच! पुण्याचा वा हैदराबादचा पाठीराखा तिकीट काढू शकत होता, घसा कोरडा करू शकत होता. परंतु मत देण्याचा अधिकार मात्र त्यास नव्हता.

इंग्लंडातही असे प्रसंग आले. १९९२ साली नॉर्थँप्टन येथील क्लब कर्जात बुडू लागला, तेव्हा पाठीराख्यांनी वर्गणी जमवून विश्वस्त संस्था स्थापिली आणि संचालक मंडळावर आपला निवडलेला प्रतिनिधी बसविला. २००२ साली विंबल्डनचा क्लब दूर मिल्टन कीन्सला नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हा तेथील पाठीराख्यांनी रडत न बसता स्वतःचा नवा क्लब काढला. जर्मनीत तर, थोडे अपवाद वगळता, क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते असलीच पाहिजेत असा नियम आहे. पाठीराख्यांच्या संस्थेचे तत्त्व ‘एक सभासद, एक मत’ हेच होय. पैनगंगेपलीकडे ज्यांचे सोयरे सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत, त्यांस हे तत्त्व नवे वाटणार नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मालक कोट्यवधी रुपये ओततो, तोटा सोसतो, मग टाळ्या पिटणाऱ्यांनी त्यास जाब का विचारावा?’ हा आक्षेप पोकळ नाही. पैशावाचून संघ चालत नाही, आणि खेळाडू कोणता घ्यावा हे गर्दीने ठरवावयाचे नसते. परंतु संघाचे नाव, गाव आणि रंग ही मालकाने विकत घेतलेली वस्तू नव्हे. ती लोकांच्या प्रेमाने निर्माण झालेली ठेव आहे. कोलकात्याच्या मोहन बागान या १८८९ सालच्या क्लबच्या नावामागे २०२० साली ‘एटीके’ ही अक्षरे जोडली गेली. पाठीराख्यांनी सतत विरोध केला, तेव्हा २०२३ साली ती गळाली. प्रेमात बळ असते हे खरे, पण तेथेही अखेरचा शब्द मालकाचाच होता. म्हणून मालकाने कारभार करावा, मात्र या तीन गोष्टींस हात लावण्यापूर्वी पाठीराख्यांच्या नोंदणीकृत संस्थेची संमती घ्यावी आणि दरसाल तिच्यापुढे हिशेब ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र हक्काबरोबर कर्तव्यही येते. नुसता आरडाओरडा करणाऱ्यास कोणी विश्वस्त म्हणत नाही. वर्गणी वेळेवर भरणे, हिशेब वाचणे, योग्य माणूस निवडणे आणि संघ हरला तरी पाठ न फिरविणे, हे ज्यास जमेल त्यानेच ‘आमचा संघ’ म्हणावे.

मित्रहो, याचा आरंभ आपल्या वर्गापासून होऊ शकेल. वर्गणीतून चेंडू आणतो, तेव्हा त्याचा हिशेब कोण ठेवतो? तो कोणाच्या घरी राहावयाचा, हे कोण ठरवितो? ज्याचे वडील अधिक पैसे देतात तो, की आपण सर्व मिळून? या लहान प्रश्नाचे उत्तर आज नीट दिले, तर उद्या मोठ्या प्रश्नापुढे आपण मुके राहणार नाही.