ध्रुवप्रकाश : चित्रांतला आणि आकाशांतला

सन २०२४ च्या मे महिन्यांत, १० तारखेच्या रात्रीं, सूर्यावरून आलेल्या वादळानें पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र खवळलें आणि लडाखांतील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत उत्तर क्षितिजावर तांबडा प्रकाश उमटला. नॉर्वेकडील हिरव्या झळाळीचीं चित्रें तर मोबाइलवर इतकीं पाहावयास मिळतात कीं, "ध्रुवप्रकाश आम्हीं पाहिला आहे" असें आमच्या चोपड्याचा एखादा विद्यार्थी म्हणाल्यास नवल नाहीं. आमच्या मतें त्यानें पाहिलें तें निराळेंच कांहीं होय.

अशा चित्रासाठीं कॅमेऱ्याची खिडकी कित्येक सेकंद, प्रसंगीं वीस सेकंदही, उघडी ठेवितात. तेवढ्या वेळांत आलेला सारा प्रकाश एका चित्रांत सांठतो. डोळ्यास असा संचय करितां येत नाहीं. शिवाय अंधुक उजेडांत आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करितात, त्यांस रंगच ओळखतां येत नाहींत. म्हणून मंद ध्रुवप्रकाश प्रत्यक्ष पाहणारास पुष्कळदां राखी ढगासारखा दिसतो. हिरवा रंग सुमारें शंभर-दीडशें किलोमीटर उंचीवरच्या प्राणवायूचा, तर तांबडा त्याहून पुष्कळ वरचा. दूर दक्षिणेकडून पाहतां हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड दडतो आणि वरचा तांबडा तेवढा डोकावतो.

मग चित्र खोटें काय? मुळींच नाहीं. डोळ्यास न दिसणारा खरा रंग तें दाखवितें. परंतु तेजस्वी ध्रुवप्रकाश पडद्यासारखा हलतो, त्याचे किरण क्षणांत उठतात आणि क्षणांत विझतात. तें सारें चित्रांत एकमेकांत कालवून जातें. चित्रास रंग अधिक, जीव कमी.

ता. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार, या रात्रीं हा प्रकाश खुद्द मुंबईस दिसला आणि कुलाबा वेधशाळेच्या यंत्रांवर त्या चुंबकीय वादळाची नोंद झाली. (चोपडें तर मुंबईहून सुमारें दोन अंश उत्तरेस !) ध्रुवप्रकाशाचें पहिलें छायाचित्र मार्टिन ब्रेंडेल यांनीं नॉर्वेंत घेतलें तें १८९२ सालीं. मुंबईकरांपाशीं डोळे होते, चित्र नव्हतें; आमचें नेमकें उलट झालें आहे.

यांत हानि कोणती, असें पालक विचारतील. अमावास्येच्या रात्रीं सातपुड्याच्या पायथ्याशीं नेलेला मुलगा आकाशगंगा पाहून "एवढीच काय ?" म्हणतो, ही ती हानि. आकाशांत उणें कांहींच नसतें. त्याच्या मनांत मात्र चित्रांतली रंगीत आकाशगंगा असते, आणि तीही अशीच प्रकाश सांठवून काढिलेली असते. ही गोष्ट त्यास कोणी सांगितलेली नसते. त्याच जागीं मोबाइल दगडावर स्थिर ठेवून दहा सेकंदांचें चित्र घ्यावें आणि तें आकाशाशेजारीं धरून मुलास दाखवावें. शाळेच्या भिंतीवर किंवा या वार्षिकांत आकाशाचें चित्र येईल तेव्हां तें किती सेकंदांचें आहे हें त्याखालीं छापावें, अशी आमची संपादकांस विनंति आहे.