बिनमांसाची, बिनदुधाची शिदोरी

सुट्टी लागली की घराघरांत बॅगा निघतात. कोणी दुबई-मस्कतला भावाकडे निघतो, कोणी शिकायला गेलेल्या लेकीला भेटायला युरोपात जातो. तिकीट, व्हिसा, कपडे यांच्या याद्या होतात. खाण्याचा विचार मात्र आदल्या रात्री सुरू होतो. या वेळी आपण शिदोरीची यादी आधी करू या.

परक्या मुलखात मांस हलाल आहे की नाही, हे दर ठिकाणी विचारता येत नाही. म्हणून आपली माणसे ‘व्हेज’ मागून मोकळी होतात. पण तेवढ्याने काम भागत नाही. तिकडच्या काही चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट असते. ते घालून केलेला पदार्थ आपल्यासमोर व्हेज म्हणून येऊ शकतो. ‘व्हीगन’ म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, मध यांपैकी काहीच नसलेले अन्न. तिथे रेनेट आणि जिलेटिन या दोन्ही शंका मिटतात. घरात कोणाला दूध सोसत नसेल, तर त्याचीही सोय होते.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हीगन म्हणजे हलाल नव्हे. सॉसमध्ये वाइन किंवा केकमध्ये रम असली तरी तो पदार्थ व्हीगन असू शकतो. म्हणून घटकांची यादी वाचायलाच हवी. आपल्याकडच्या पाकिटावरचा हिरवा ठिपकाही फक्त शाकाहाराची खूण आहे. आत दूध असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने 2022 च्या नियमांत वेगळी खूण दिली आहे. चौकोनात हिरवा इंग्रजी ‘व्ही’ आणि त्याला रोपाचे पान, अशी ती आहे.

विमानातले जेवण तिकीट काढतानाच सांगून ठेवावे. उशिरात उशिरा निघण्याच्या 24 तास आधी तरी कळवावे. ‘एमओएमएल’ म्हणजे मुस्लिम जेवण. ते बहुधा मांसाहारी असते. ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी. त्यात दही, पनीर येऊ शकते. पूर्ण वनस्पतिजन्य हवे असेल तर ‘व्हीजीएमएल’. एवढे करूनही ताट चुकू शकते, म्हणून हातातल्या पिशवीत एका जेवणाची शिदोरी हवीच.

शिदोरीचा नियम सोपा आहे: जितके पाणी कमी, तितके अन्न जास्त टिकते. मेथीचे ठेपले दह्याऐवजी तेल आणि लिंबाचा रस घालून मळावेत, खरपूस भाजावेत आणि पूर्ण थंड झाल्यावरच कागदात गुंडाळावेत. गरम डब्यात बंद केले की वाफेने ओलावतात आणि लवकर बुरसतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, पातळ पोह्यांचा चिवडा, भाजलेले चणे घ्यावेत. खजुरातली बी काढून आत बदाम भरले की मुलांचा खाऊ तयार. हे सारे हाताने खाता येते आणि सांडत नाही.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या पिशवीत द्रव पदार्थाची बाटली सहसा 100 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. लोणचे, ओली चटणी, पीनट बटर हेही त्यातच धरतात. ते घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाकावे. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी.

उंचीवर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे पाकिटे फुगतात आणि पोटातला वायूही. प्रवासाच्या आदल्या दिवशी राजमा, छोले, कोबी टाळलेला बरा.

आता मसाल्यांचे. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस न्यायला बंदी आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून तिकडे ती मादक पदार्थांत धरतात. आपल्या घरच्या गरम मसाल्यात आणि काही मिठायांत खसखस असते, हे बांधाबांध करताना आठवत नाही. आखाताला निघालेल्याच्या हाती कोणी मसाल्याची पुडी दिली, तर ‘यात खसखस नाही ना?’ एवढे विचारायला संकोच करू नये. हा प्रश्न विचारल्याने नाते तुटत नाही. न विचारल्यास माणूस परक्या देशात कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नेऊ नयेत. त्यातल्या तेलामुळे विमान वाहतुकीत तो माल आगीच्या धोक्याचा मानला जातो.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाताना सोबतचे सगळे खाणे फॉर्मवर लिहावे. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवली तर दंड होतो. उरलेली फळे विमानातच संपवावीत.

मुक्कामासाठी बारीक रवा तेलावर भाजून त्यात मोहरी, कढीपत्ता, मीठ आणि सुकी मिरची यांची फोडणी मिसळावी. कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळावा, म्हणजे ओल राहत नाही. एक वाटी मिश्रणावर दोन वाट्या उकळते पाणी घालून दहा मिनिटे झाकले की उपमा तयार.

पहिल्या दिवसापुरती एवढी शिदोरी हाताशी असली, की पुढच्या दिवसांची दुकाने आणि खाणावळी घाई न करता, लेबले वाचून, विचारपूस करून निवडता येतात. उपाशी मुसाफिर यादी वाचत बसत नाही. समोर येईल ते खातो.