घड्याळ दुपारीच का मान टाकते?

सकाळी एकटेच फिरायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना मुले हल्ली ई-सिमचे स्मार्ट घड्याळ घेऊन देतात. फोन घरी राहिला तरी मनगटावरून बोलता येते, पाय घसरला तर बटण लागोपाठ दाबून घरी निरोप धाडता येतो. केवढा दिलासा! पण हेच घड्याळ संध्याकाळी पाचलाच मान टाकू लागले, की आजोबा ते कपाटात ठेवतात आणि जुने किल्लीचे घड्याळ बांधतात. दोष बहुधा घड्याळाचा नसतो.

आधी एक हिशेब पाहा. आजच्या फोनची बॅटरी साधारण ५,००० मिलिअँपिअर-तासांची. सॅमसंगच्या २०२१ सालच्या गॅलॅक्सी वॉच ४ मध्ये ती मोठ्या आकारात ३६१ आणि लहान आकारात अवघी २४७ आहे. एवढ्याशा शिदोरीवर त्याने दिवसभर टॉवर धुंडाळला, तर ती पुरणार कशी?

खरी गोम इथेच आहे. फोन जवळ असला की घड्याळ ब्लूटूथवरून त्याच्याशी बोलते. त्याला वीज फारच थोडी लागते. फोन दूर गेला की ते स्वतःच्या मोबाइल नेटवर्कवर जाते, आणि मग खर्च भराभर वाढतो. तळघरातले पार्किंग, घाटरस्ता अशा ठिकाणी सिग्नल क्षीण असतो, तिथे तर आणखीच. आता गंमत अशी, की पुष्कळ जण फोनची बॅटरी वाचावी म्हणून फोनचे ब्लूटूथ बंद ठेवतात. मग फोन खिशात असूनही घराबाहेर पडताच घड्याळ बिचारे टॉवरच्या मागे लागते. फोनचे चार आणे वाचतात, घड्याळाचा रुपया जातो!

गॅलॅक्सी घड्याळात मोबाइल नेटवर्कसाठी तीन पर्याय असतात: आपोआप, कायम चालू आणि कायम बंद. ‘आपोआप’च ठेवावा. ‘कायम बंद’ने बॅटरी टिकेल हे खरे, पण मग जास्तीचे पैसे मोजून सिमचे घड्याळ घेतले कशाला?

पडदा सतत उजळलेला ठेवू नये. तबकडी काळ्या रंगाची निवडावी. ओलेड पडद्यावर काळा भाग म्हणजे विझलेला भाग. हृदयाचे ठोके अखंड मोजण्याऐवजी दर दहा मिनिटांनी मोजले तरी चालते, अर्थात डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर. भजने, गाणी आधीच घड्याळात उतरवून घ्यावीत.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ‘फक्त घड्याळ’ नावाचा बचतीचा पर्याय चालू केला की वेळेखेरीज सारे बंद होते. संकटाचा निरोपही जात नाही. आजोबा एकटे बाहेर पडणार असतील, तर त्याला हात लावू नये.

सॉफ्टवेअरचे अपडेट टाळू नये, पण प्रवासाच्या आदल्या रात्रीही करू नये. घड्याळ चार्जरवर ठेवून निवांतपणे करावे. त्यानंतर एखाद-दोन दिवस बॅटरी लवकर उतरू शकते, कारण आत मांडामांड चालू असते. तेवढ्यावरून दुकान गाठू नका. पुढेही तेच राहिले तर घड्याळ बंद करून पुन्हा सुरू करा आणि सेटिंग्जमध्ये कोणते ॲप जास्त बॅटरी खाते ते बघा. न लागणारी ॲप्स काढून टाका.

नवा फोन घेतलात तर? पूर्वी घड्याळ सगळे पुसून नव्याने जोडावे लागे. २०२३ साली आलेल्या वेअर ओएस ४ पासून ती कटकट कमी झाली. ई-सिमची जोडणी मात्र वेगळी तपासावी. फोन घरात ठेवा, फाटकापर्यंत चालत जा आणि घड्याळावरून घरी फोन लावा. लागला नाही तर सिमच्या कंपनीकडे त्याच दिवशी चौकशी करा, आजोबा दुसऱ्या दिवशी पहाटे निघण्याआधी.