गाड्या मोडीत, तरतूद अधांतरी

पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अधिसूचनेत केंद्र आणि राज्यांच्या पंक्तीला महापालिका, नगरपालिका व पंचायतीही बसविण्यात आल्या. अपवाद झाला तो संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांचा. कचऱ्याची गाडी वा आगीचा बंब यांचा त्यात उल्लेख नाही. नऊ लाखांहून अधिक सरकारी वाहने मोडीत निघतील, असे नितीन गडकरी यांनी त्या जानेवारीत सांगितले होते. त्यांच्या जागी नवी वाहने कोणाच्या पैशाने येणार, याचे उत्तर १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्धेच मिळाले. केंद्राच्या वाहनांसाठी तरतूद झाली, राज्यांना साह्याचे आश्वासन मिळाले. नगरपालिकांचे नाव त्यात नव्हते.

मुळात वय हा निकषच अपुरा आहे. कचऱ्याचा कॉम्पॅक्टर रोज दोन पाळ्यांत राबतो, ओल्या कचऱ्याने त्याचा पत्रा गंजतो आणि पंधरा वर्षांच्या कितीतरी आधी तो दुरुस्तीचा खड्डा बनतो. बंब मात्र तेवढ्याच काळात फार थोडे अंतर कापतो. कोणते वाहन कधी काढावे, हे त्याचा इंधन व दुरुस्तीचा स्वतंत्र हिशेब सांगू शकतो. पण दुरुस्तीचा खर्च एकाच ढोबळ शीर्षाखाली टाकला जात असेल, तर तो हिशेब मिळणार कोठून?

२००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेने घसारा दाखविण्याची पद्धत घालून दिली. कागदावर घसारा लिहिला जातो. तेवढी रक्कम बाजूला पडतेच असे नाही. मग सारी मदार दिल्लीच्या अनुदानावर. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात २००९ मध्ये पंधरा हजारांहून अधिक बसगाड्या एका दमात मंजूर झाल्या. एकदम आलेला ताफा एकदमच म्हातारा होतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही!

ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवेने वेगळी वाट धरली. दहा हजार बस खासगी चालकांच्या, शहरांनी किलोमीटरमागे पैसे द्यायचे. बस बदलण्याचा भार त्यामुळे हलका झाला, देणी मात्र राहिली. ती थकतील या भीतीपोटी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राला ३,४३५ कोटींची देयक-हमी योजना मंजूर करावी लागली. पालिकांच्या पतीविषयी याहून बोलका शेरा दुसरा कोणता असेल?

पंधराव्या वित्त आयोगाने लेखापरीक्षित हिशेब खुले करण्याची अट शहरी अनुदानाला घातली होती. वाहन-बदली निधीत दरवर्षी भरणा करून ताफ्याचा दहावा हिस्सा बदलण्याची अटही तशीच घालता येईल. नागरी व्यवहार मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांची छाननी करणाऱ्या संसदीय स्थायी समितीने निदान एवढे तरी विचारावे, की २०२३ नंतर किती पालिकांनी गाड्या काढल्या आणि त्यांतल्या किती पुन्हा घेतल्या.