डबल शॉकअपचा हिशेब

गावोगावच्या सायकलच्या दुकानांत ‘डबल शॉकअप’ या नावाने जी सायकल विकली जाते, तिच्याविषयी प्रथम लिहिणे भाग आहे. कारण अस्सल मालाची ओळख पुष्कळदा नकलेवरूनच पटते. जाड लोखंडी सांगाडा, रुंद चाके आणि बैठकीखाली एक लालभडक स्प्रिंग असे तिचे रूप असते. मुलांना ती पाहताक्षणी आवडते आणि पालकही दोन शॉकअप म्हणजे दुप्पट सोय, असे समजून पैसे मोजतात. परंतु त्या स्प्रिंगला दबणे आणि उसळणे एवढेच ठाऊक असते. उसळी आवरण्यासाठी तेलाची जी योजना लागते, ती तीत नसते. त्यामुळे पायडलवर दिलेल्या बळाचा काही भाग चाकाकडे न जाता स्प्रिंग दाबण्यातच खर्ची पडतो. चढावर सायकल नुसती डुलते, आणि तिचे वजन ओढता ओढता स्वार थकतो. दिखाऊ माल आणि टिकाऊ माल यांतील भेद आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

खऱ्या ‘फुल सस्पेन्शन क्रॉस-कंट्री’ सायकलीची गोष्ट वेगळी. तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, किंवा अधिक किमतीत कार्बनचा असतो. मागचे चाक ज्या भागाला बसविलेले असते, तो भाग बेअरिंगांवर बिजागरीसारखा हलतो. शॉकमध्ये स्प्रिंगऐवजी बहुधा दाबलेली हवा असते आणि आत तेल असते. स्वाराच्या वजनानुसार लहान पंपाने हवा भरावयाची, ती इतकी की नुसते बसल्यावर शॉक आपल्या एकूण हालचालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका खाली जावा. चाकाची हालचाल साधारण १०० ते १२० मिलिमीटर. डांबरी रस्ता आला की एका खटक्याने शॉक जवळजवळ बंद करण्याची सोय अनेक सायकलींत असते. वजनही नकलेपेक्षा चार-पाच किलोंनी सहज कमी भरते. अशा नव्या सायकलीची किंमत लाखाच्या आसपास सुरू होते आणि नामांकित परदेशी कंपन्यांच्या बाबतीत कित्येक लाखांपर्यंत जाते. हौशी मंडळी लाखाच्या सायकलीला ‘परवडणारी’ म्हणतात, हे वाचून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या तर नवल नाही.

या सायकलीचे मूळ अमेरिकेतले. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावीत, त्यांतून माउंटन बाइक जन्मास आली. पुढच्या चाकाचा ‘रॉकशॉक्स’ फोर्क १९८९ मध्ये बाजारात आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यतीचा समावेश झाला. तरीही मागचा शॉक वजन वाढवितो म्हणून शर्यतपटू त्यापासून बराच काळ दूरच राहिले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये झेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हवी याने दोन्ही चाकांना शॉक असलेल्या सायकलीवर सुवर्णपदक मिळविले, तेव्हा हा आक्षेप पुष्कळसा मागे पडला. आपल्याकडे संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी याच खेळात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले आहे. तेव्हा हे वेड केवळ परदेशी राहिलेले नाही.

आता येलदरीकडे वळू. नेमगिरीच्या निमित्ताने जिंतूरला गेलेल्या वाचकांना हा परिसर परिचित असेल. जिंतूरच्या उत्तरेस पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेले येलदरीचे धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजगृह आहे. कालवे मात्र येथून निघत नाहीत, ते खाली हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणावरून निघतात. त्यामुळे कालव्याकाठचा सपाट रस्ता येथील सायकलस्वाराच्या वाट्यास येत नाही. त्याला मिळतात त्या मुरमाड टेकड्या, काळ्या दगडांची गाडवाट आणि शेतांमधून जाणारे पाणंद रस्ते. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कठीण होतात. पावसाळ्यात तीच काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरेनासे होते. बाभळीचे काटे तर बारमाही आहेत.

आमचा एक भाचा याच भागात किराणा व कृषी साहित्याचे दुकान चालवितो. वय चव्वेचाळीस. दिवसाचे बारा तास गल्ल्यावर बैठक, त्यातून साखर वाढली, आणि रोज तासभर अंगमेहनत केलीच पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले. चालण्याचा त्याला कंटाळा. म्हणून तो साध्या सायकलवर पहाटे पाणंदीने जाऊ लागला. महिनाभरात तळहात बधिर होऊ लागले, कंबर धरली आणि व्यायाम सुटण्याची वेळ आली. तेव्हा त्याने ही सायकल घेण्याचे मनात आणले. आमचे दाजी, म्हणजे त्याचे वडील, भडकले. “एवढ्या पैशांत स्कूटर आली असती,” असे त्यांनी आमच्यासमोरच सुनावले. भाचा वडिलांना उलट बोलत नाही. तो आमच्याकडे वळून म्हणाला, “मामा, स्कूटरवर बसून माझी साखर उतरणार आहे का?”

दोघांचेही म्हणणे आम्हांला पटले; म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेतली. सायकल एक लाखाची धरली आणि आयुष्य पाच वर्षे. आठवड्यातून सहा दिवस रोज एक तास याप्रमाणे वर्षाचे सुमारे तीनशे तास, पाच वर्षांचे पंधराशे. म्हणजे तासाला सदुसष्ट रुपये. हीच सायकल फक्त रविवारी तासभर बाहेर निघाली, तर पाच वर्षांत अडीचशे तास भरतात आणि तासाचा भाव चारशे रुपयांवर जातो. सायकल तीच, किंमत तीच; एकाला परवडली, दुसऱ्याला बुडीत गेली. दाजींनी आकडे दोनदा तपासले व “मग रोज जायला हवे,” एवढेच म्हणाले. संमती म्हणून आम्ही ते शब्द पदरात पाडून घेतले.

मात्र हिशेबाची दुसरी बाजू देखभालीची आहे आणि दुकानदार ती क्वचितच सांगतो. पुढचा फोर्क व मागचा शॉक यांची किरकोळ सफाई आणि तेल-सील साधारण पन्नास तासांनी, तर संपूर्ण उघडून करावयाचे काम दोनशे तासांनी करावे, असे रॉकशॉक्ससारखी कंपनी सांगते. रोज तासभर चालविणाऱ्यासाठी पन्नास तास म्हणजे जेमतेम दोन महिने! हे काम गावातला पंक्चरवाला करू शकत नाही, त्याच्याकडे तशी हत्यारे नसतात. पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. सुदैवाने मागचा शॉक दोन बोल्टांवर बसविलेला असतो. तो काढून कुरिअरने पाठविता येतो, अख्खी सायकल टेम्पोत घालण्याचे कारण नाही. किरकोळ सफाई भाचा आता घरीच शिकला आहे.

ज्या मालाचे सुटे भाग मिळत नाहीत, तो आपण दुकानात ठेवीत नाही. तोच नियम येथे लावावा. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो, तिला हँगर म्हणतात. सायकल पडली की सांगाडा वाचावा म्हणून ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते आणि पुष्कळदा मॉडेलागणिक निराळी असते. ती वाकली आणि जवळ दुसरी नसली, की लाखाची सायकल पंधरा दिवस भिंतीला टेकून राहते. म्हणून सायकलीच्या बिलातच दोन हँगर घ्यावेत. काट्यांसाठी ट्यूबलेस टायर व आत द्रवरूप सीलंट हा उत्तम उपाय आहे. परंतु मराठवाड्याच्या उन्हात सीलंट लवकर वाळते, ते दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे. चिखल झाल्यावर गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नये, कारण पाणी बेअरिंगांत शिरते. बादली आणि जुने फडके पुरे.

जुनी सायकल घेणाऱ्यांनी बैठक धरून मागचे चाक डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खटखट जाणवली तर बेअरिंग गेलेले असण्याचा संभव आहे. शॉकच्या चकचकीत दांड्यावर ओरखडे असल्यास, आणि सांगाड्याच्या जोडांजवळ केसासारखी रेघ दिसल्यास सौदा सोडून द्यावा. मूळ बिल मागावे. नवी घेणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

आमचे स्पष्ट मत विचाराल, तर दहांपैकी आठ जणांनी ही सायकल घेऊ नये. ज्यांची फेरी डांबरी रस्त्यावरच होते, त्यांना मागचा शॉक म्हणजे निव्वळ ओझे आहे. त्यांनी केवळ पुढे चांगला फोर्क असलेली, निम्म्या किमतीची सायकल घ्यावी. मुलाच्या वाढदिवसासाठी तर मुळीच घेऊ नये. दोन वर्षांत त्याची उंची वाढते आणि सांगाडा लहान पडतो. सांगाड्याचे माप चुकले तर शॉक कितीही उत्तम असो, कंबर दुखणारच. पण ज्याची रोजची वाटच दगडधोंड्यांची आहे आणि ज्याला त्या वाटेवर तासभर टिकून राहणे प्रकृतीसाठी आवश्यक आहे, त्याच्या बाबतीत या खर्चाला चैन म्हणणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्यानेही धरणाच्या भिंतीकडे किंवा वीजगृहाच्या आवारात परवानगीवाचून जाऊ नये, आणि तुरीच्या शेतातून जाण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारावे. तो बहुधा आपलाच ग्राहक असतो.

भाच्याला सायकल घेऊन चौदा महिने झाले. हात बधिर होत नाहीत. कंबर अधूनमधून कुरकुरते, पण फेरी चुकत नाही. पहिल्या पावसाळ्यात एक हँगर वाकला, दुसरा खणात होता. खर्चाची वही दाजी स्वतः ठेवतात आणि प्रत्येक महिन्याचे तास तीत मांडतात. सध्या मागचा शॉक पुण्याला गेला आहे. तो परत येईपर्यंत भाचा जुन्या सायकलवर डांबरी रस्त्यानेच जाऊन येतो.