‘बलुतं’मधील गाव आणि शहर : वर्गीकरणाची मर्यादा

बालपणीच्या गावाच्या आठवणींना मराठी समीक्षेने बहुधा स्मरणरंजनाच्या खात्यात टाकले आहे. गाव मागे पडते, शहरात बस्तान बसते आणि अंतर वाढेल तसतसे ते गाव अधिकाधिक रम्य होत जाते, हा या लेखनाचा परिचित घाट होय. ‘ग्रंथाली’ने १९७८ साली प्रसिद्ध केलेले दया पवार यांचे ‘बलुतं’ हा घाटच मोडून काढते.

‘बलुतं’मधील स्थलांतर एकेरी नाही. अकोले तालुक्यातील धामणगाव आणि मुंबईतील कावाखाना यांच्या दरम्यान हे बालपण ये-जा करीत राहते. कावाखान्यातही माणसे जातभाईंच्या आणि नातेवाइकांच्या वस्तीतच राहतात. हमाली करून, चिंध्या-कागद वेचून जगतात. गावात कामाचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळे, शहरात तो रोख मिळू लागला. मात्र हलके ठरलेले काम कोणाच्या वाट्याला यावे, याचा निर्णय पूर्वीप्रमाणेच जन्मावर राहिला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपुष्टात आणली. त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या या आत्मकथनाने त्याच व्यवस्थेतील शब्द शीर्षक म्हणून स्वीकारावा, हे अर्थपूर्ण आहे. येथे स्मृती हाच पदरात पडलेला वाटा आहे.

दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, ही या आत्मकथनाची रचना केवळ निवेदनतंत्र म्हणून पाहणे अपुरे आहे. शिक्षण आणि शहरी नोकरी यांनी घडविलेला लेखक आणि गावकुसाबाहेर वाढलेला मुलगा एकाच देहात असूनही परस्परांना पुरते ओळखत नाहीत. स्थलांतराने पाडलेली ही फूट लेखक सांधत नाही, आणि तेथेच त्याचा कलात्मक प्रामाणिकपणा आहे.

अशा वाचनाने जातीचा प्रश्न ‘स्थलांतरिताचे दुःख’ या सर्वसाधारण अनुभवात विरघळेल, असा आक्षेप संभवतो. वस्तुतः घडते ते उलट. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’तील (१९८७) कागलच्या मुलाची शिक्षणासाठीची झुंज तितकीच जीवघेणी आहे, परंतु त्याच्या मागे कष्टाचा का होईना, मळा आहे. दगडूच्या मागे महारवाडा आहे. दोन्ही कृती शेजारी ठेवल्या, की ‘गाव’ हा शब्द सर्वांसाठी एकच नव्हता, हे स्पष्ट होते.

ग्रामीण, दलित, महानगरी अशा स्वतंत्र कप्प्यांत साहित्य शिकविण्याची सोय अध्यापनाला मानवते. पण त्यामुळे ‘बलुतं’मधील शहर महानगरी साहित्याच्या चर्चेबाहेर राहते आणि त्यातील गाव ग्रामीण साहित्याच्या. गाव कोणाला आठवते यापेक्षा ते कोणाला सुखाने आठवता येते, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारायला हवा. तो विचारायचा तर हे कप्पे ओलांडावे लागतील.